एक टक्का शिल्लक

एका खेपेमागे त्र्याण्णव क्रोनर. हा आकडा इंगवारने कुणालाच सांगितलेला नव्हता, बायकोलासुद्धा नाही. पण ऊनीला तो ठाऊक होता. डोंगरावरच्या घराच्या वळचणीखाली गाडी उभी राहिली आणि नवऱ्याने प्लग घातला, की त्याच्या चेहऱ्यावर नेमकं तेवढ्याच किमतीचं समाधान पसरायचं.

हिशेब साधा होता. आई गेल्यावर हालिंगडालमधलं ते लाकडी घर तिघा भावंडांच्या नावावर झालं. दफनानंतरच्या कॉफीच्या वेळी थोरली बोर्गहिल्ड म्हणाली, "खर्च तिघांत सारखा," आणि दोघा भावांनी केक चावता चावता माना हलवल्या. त्या वेळी विजेचा खर्च म्हणजे एक ओव्हन, दोन हीटर आणि दारावरचा दिवा. पुढे इंगवारने विजेवरची गाडी घेतली. बाहेरच्या भिंतीवर बापाने केव्हातरी एक सॉकेट बसवलेला होता. हिवाळ्यात गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून. तो असा एके दिवशी भाग्योदयाला कारण होईल, असं बापाच्या स्वप्नातही आलं नसेल. गाडी रिकामी नेऊन तिथे गच्च भरली, तर सत्तर युनिटं बसत. त्याचे एकशे चाळीस क्रोनर. पैकी इंगवारच्या वाट्याला येत सत्तेचाळीस, आणि उरलेले त्र्याण्णव भाऊ-बहीण प्रेमाने भरत. प्रेमाने म्हणजे नकळत.

वर्षाला चौदा खेपा. म्हणजे तेराशे दोन क्रोनर. खाली ड्रामेनमध्ये, जिथे ती दोघं राहत, एवढ्यात दोन माणसांचं बरं जेवण होतं, वाइन मागवली नाही तर.

अट एकच होती. फायदा पुरता पदरात पडायला हवा असेल, तर गाडी वर रिकामी पोचली पाहिजे. बॅटरीत वीस टक्के उरवून पोचणं म्हणजे घरून वीस टक्क्यांचं पाकीट नेऊन भावंडांच्या हातावर ठेवण्यासारखं. म्हणून जाताना स्वतःची वीज, ती मोजून. येताना भावंडांची, ती काठोकाठ. इंगवार निघण्याआधी अंतर बघे, चढ बघे, तापमान बघे, आणि गाडी बासष्ट टक्क्यांवर आली की प्लग उपटून घेई. या हिशेबात कधीमधी गाडीतला हीटर धरायचा राहून जायचा. तो ऊनी आपल्या अंगावर काढायची.

बोर्गहिल्डकडे गाडी नव्हती. आयुष्यभर शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती, शेजारच्या दरीतून बसने यायची आणि खालच्या रस्त्यावरून पाठीवर पिशवी घेऊन स्कीवर घरापर्यंत चढायची. तिच्यासाठी इंगवारचा जीव तुटायचा. दर ईस्टरला तुटायचा.

"बोर्गहिल्ड, ती बस डिझेलवर चालते गं. किती धूर ओकते, कल्पना आहे तुला?"

"मी एकटी नसते रे तिच्यात. बावीस जण असतात."

"तरी पण. माणसाने आपल्यापुरतं तरी हवामानाचं बघावं."

यावर बोर्गहिल्ड कॉफी ओतायची. तिला काही बोलायचं नसलं की ती कॉफी ओते, आणि त्या घरात इतकी कॉफी खपायची की तिच्या खर्चाचाही तिसरा हिस्सा बघण्यासारखा असेल.

मग धाकट्या स्टाइनारनेही विजेची गाडी घेतली. इंगवारच्या गाडीपेक्षा दीड हात लांब, आणि पोटाने तर इतकी मोठी की शंभर युनिटं सहज गिळावी. पहिल्याच खेपेला तो चार टक्क्यांवर पोचला. इंगवारने ते गाडीच्या पडद्यावर वाचलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. पण बोलणार काय आणि कोणत्या तोंडाने? पुढच्या खेपेला तो स्वतः तीनवर पोचला. त्यानंतर स्टाइनार दोनवर. दोघं भाऊ दारात गळाभेट घ्यायचे आणि एकमेकांच्या खांद्यावरून एकमेकांचे पडदे वाचायचे.

एक मात्र सांगायला हवं. बापाचा नियम दोघांनीही कधी मोडला नाही. घर सोडताना चुलीजवळची लाकडाची पेटी भरून जायची, म्हणजे पुढच्याला आल्या आल्या ऊब मिळते. इंगवार ती इतकी नीट रचायचा की बघत राहावं. पेटी भरायची, बॅटरी भरायची, आणि निर्मळ मनाने डोंगर उतरायचा.

त्या वर्षी ईस्टरच्या सोमवारी इंगवारच्या नातीचा बाप्तिस्मा होता. पहिली नात. मुलगी सिल्ये हिने फोन करून सांगितलं होतं, "बाबा, बाळाला हातावर घेऊन वेदीपाशी तूच उभं राहायचंस. दुसरं कुणी नको मला."

इंगवार म्हणाला, "बघू." म्हणजे त्याला रडू आलं होतं. त्या रात्रीपासून तो उशी हातावर घेऊन खोलीत हळूहळू चालायचा सराव करत होता, दार लावून. व्याही हालस्टेन हाही इच्छुक होता हे त्याला ठाऊक होतं. हालस्टेन म्हणजे वीस वर्षांच्या जुन्या डिझेल गाडीतून हिंडणारा, खोकणाऱ्या यंत्रासारखा हसणारा माणूस. त्याला वगळून आपल्याला मान मिळाला, यात इंगवारला हवामानाचाही थोडा विजय दिसत होता.

"मग या ईस्टरला घरीच राहू या," ऊनी म्हणाली. "सोमवारी अकराला चर्च आहे. कशाला उगाच डोंगर चढायचा आणि धावत उतरायचा?"

"तीन रात्री तर आहेत. सोमवारी सकाळी लवकर निघालो की झालं."

"पण अडलंय कशाला?"

इंगवारने हवामानाचा अंदाज उघडला. अडलं होतं ते असं की, आपण गेलो नाही तर स्टाइनार एकटा चार दिवस भरून घेणार, आणि त्याचा तिसरा हिस्सा आपण घरी बसून भरणार. हे त्याच्या रक्ताला सोसणारं नव्हतं.

गुड फ्रायडेला ते निघाले. डिकीत संत्री, चॉकलेटं, ऊनीचा बाप्तिस्म्यासाठीचा पारंपरिक पोशाख, चांदीच्या बटणांसकट. बॅटरी बासष्ट टक्के.

वारा समोरून होता. तो हिशेबात नव्हता. सगळा देश डोंगराकडे निघालेला, त्यामुळे रांग लागलेली. तीही हिशेबात नव्हती. दरीच्या तोंडाशी इंगवारने हीटर बंद केला.

"आला का तो प्रसंग?" ऊनीने मागच्या सीटवरून स्लीपिंग बॅग ओढून घेतली. ती आता हाताशीच ठेवलेली असायची.

"थोडाच वेळ."

"गेल्या वेळी थोडाच वेळ म्हणालास आणि मी पंधरवडाभर खोकत होते. लोक म्हणतात हवेत प्रदूषण वाढलंय. माझ्या छातीत वाढलंय ते."

"खाली गावात जलद चार्जर आहे, हवं तर—"

"मग थांब ना तिथे."

"एका युनिटला सात क्रोनर, ऊनी! लूट आहे ती."

"आणि वरची?"

"वरची काय?"

"वरची काही नाही. समोर बघून चालव." तिने स्लीपिंग बॅगची चेन नाकापर्यंत ओढली.

गाव मागे पडलं. चार्जर मागे पडला. चढ सुरू झाला तेव्हा पडद्यावर सहा होते. मग चार. काचेवर आतून बर्फाची नक्षी धरू लागली. तीन. इंगवार इतका हळू चालवत होता की स्कीवरून चाललेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला मागे टाकलं आणि वळून हात हलवला. दोन. एक.

"एक!" इंगवार म्हणाला. आवाजात विजय होता; स्टाइनारला हे जमलं नव्हतं.

शेवटून दुसऱ्या वळणावर गाडीने एक उसासा टाकला आणि ती उभी राहिली.

थोड्या वेळाने खालून एम्ब्रिकचा ट्रॅक्टर आला. त्या रस्त्यावरचा बर्फ काढण्याचं काम एम्ब्रिककडे होतं, आणि रस्त्यावर जे जे अडकेल ते त्याचंच पीक होतं. त्याने खाली वाकून आत बघितलं. स्लीपिंग बॅगेतून ऊनीचे दोन डोळे दिसत होते.

"काय इंगवार, प्रेत घेऊन चाललास का काय वर?"

"बॅटरी. थंडीने."

"थंडीने! अरे, गेल्या हप्त्यापासून तुझ्यासारखे पाच ओढले मी. सगळ्यांना थंडीच बाधते, आणि सगळ्यांना घर अगदी समोर दिसायला लागल्यावरच." एम्ब्रिकने साखळी काढली. "सहाशे."

"सहाशे? दोन वळणं आहेत फक्त!"

"मग ढकल की. उतरव बाईला, ती पण ढकलंल."

"सहाशे दे त्याला," स्लीपिंग बॅग म्हणाली.

अशा रीतीने, डिझेलच्या ट्रॅक्टरमागे साखळीने बांधलेला, इंगवार आपल्या डोंगरघरी पोचला. त्या धुरात त्याला आधी स्टाइनारची लांबलचक गाडी दिसली. सॉकेटमधून निघालेली वायर तिच्या पोटात गेलेली. हे अपेक्षित होतं. पण तिच्या शेजारी आणखी एक गाडी उभी होती. छोटी, निळी, जुनी पण चकचकीत पुसलेली.

"पाहुणे आलेत वाटतं," ऊनी म्हणाली.

"पाहुणे कसले," दारातून बोर्गहिल्ड म्हणाली. तिच्या हातात कॉफीची किटली होती. "माझी आहे. या, आत या. ऊनी, अगं केवढी गारठलीस!"

दक्षिणेच्या भिंतीला टेकून, हरणाच्या कातड्यांवर बसून, तोंड उन्हाला लावून सगळे संत्री सोलू लागले. ईस्टरला असंच बसतात. पण इंगवारला ऊन लागेना.

"तुझी म्हणजे… तू विकत घेतलीस?"

"चोरली नाही. जुनीच आहे, पण चालते छान. मंगळवारी आले तेव्हा तीन टक्के उरले होते बघ. काल दुपारपर्यंत भरली पुरती."

तीन टक्के. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक वर्षांत प्रथमच त्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

"बोर्गहिल्ड," स्टाइनार संत्र्याची साल तोडत म्हणाला, "या वयात गाडी म्हणजे… नाही, तुझं तू बघ. पण त्या बॅटऱ्यांसाठी खाणीत लहान लहान पोरं राबतात म्हणे. कोबाल्ट काढायला. वाचलंय मी."

"अगदी," इंगवार म्हणाला. "फारच वाईट परिस्थिती आहे. आणि टायरची झीज. टायरचे बारीक कण नदीत जातात, मासे खातात. तुझी ती बस काय वाईट होती? बावीस माणसं एका गाडीत! त्याहून हिरवं दुसरं काही नाही."

"इंगवार, तूच तर सात वर्षं माझ्या मागे लागला होतास," बोर्गहिल्ड म्हणाली. "तुमच्या गाड्यांत नाही का ते कोबाल्ट?"

"आमच्या काय, घेतल्या तेव्हा कुठे एवढं माहीत होतं," स्टाइनार म्हणाला. त्याची गाडी चार महिन्यांपूर्वीची होती.

"त्या पोरांचं मलाही वाईट वाटतं. म्हणून तर जुनी घेतली." बोर्गहिल्डने सगळ्यांचे कप भरले. कॉफी ओतली की तिचं बोलणं संपलं, असं भाऊ धरून चालायचे. या वेळी तिने आधी ओतली, किटली खाली ठेवली आणि मग बोलली. "आणि दुसरं असं, मी जरा गणित केलं. मुलांना चाळीस वर्षं तेच शिकवलं. तुमच्या दोन गाड्यांच्या विजेचा तिसरा हिस्सा मी भरतेच आहे. मग म्हटलं, गाडीशिवाय भरण्यापेक्षा गाडी घेऊन भरावा."

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला.

ऊनी अचानक खोकू लागली. तो खोकला नव्हता हे फक्त इंगवारला कळलं.

"गाड्यांसाठी वेगळा मीटर बसवून टाकू या," स्टाइनार शेवटी म्हणाला. "ज्याचं त्याने भरावं. खरं तर मी हे कधीपासून म्हणणार होतो."

"मीही," इंगवार म्हणाला. "न्याय म्हणजे न्याय." एका आईची लेकरं, खोटंसुद्धा एका सुरात बोलायची.

पण मीटर काही ईस्टरच्या सुट्टीत बसत नाही, आणि सॉकेट एकच होता. तो म्हातारा, त्यातून वीज वाहायची नाही, ठिबकायची. पुऱ्या एका दिवस-रात्रीत इंगवारच्या गाडीचा तिसरा हिस्सा भरायचा. स्टाइनार गुरुवारी संध्याकाळी आलेला, म्हणून नंबर त्याचा. तुझा प्लग काढ म्हणायचं, तर का हे सांगावं लागणार. मला सोमवारी पहाटे जायचंय आणि मी मुद्दाम रिकामा आलोय, हे कसं सांगायचं? स्टाइनारला ते ठाऊक होतं. त्याचं स्वतःचंही तेच होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. या फरकावरच तर घर इतकी वर्षं उभं होतं.

"कितीवर आलं रे?" शनिवारी सकाळी इंगवारने सहज, दात घासता घासता विचारलं.

"बेचाळीस."

"बरंच झालं की. कुठे जायचंय का तुला?"

"छे. तुला?"

"छे छे. म्हणजे बाप्तिस्मा आहे सोमवारी. पण त्याला अवकाश आहे."

"हो हो. पुष्कळ अवकाश आहे," स्टाइनार म्हणाला आणि आपल्या कुत्र्याला फिरवायला निघून गेला.

शनिवारी दुपारी बोर्गहिल्डने कोकराची मांडी ओव्हनमध्ये ठेवली. मंद आचेवर पाच तास, आईची रीत. ओव्हन आणि गाडी एकदम लावली की फ्यूज उडतो, म्हणून वायर काढावी लागली. सगळं घर लसणाच्या आणि रोझमेरीच्या वासाने भरून गेलं. इंगवार ओव्हनपुढे उभा राहून आत बघत होता. भूक लागलेल्या माणसासारखा नव्हे. बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा.

"चार तासांत नाही का व्हायची?"

"कच्ची राहील."

"मला जरा कच्चीच आवडते."

"तुला?" ऊनी म्हणाली. "लग्नात मांसाला लाल रंग दिसला म्हणून ताट परत पाठवलं होतंस."

जेवण झाल्यावर स्टाइनारने वायर पुन्हा आपल्या गाडीला जोडली. त्याचे पाच तास बुडाले होते, ते त्याने रविवारी दुपारपर्यंत वसूल केले. बोर्गहिल्ड रविवारी सकाळी दरीतल्या तीन म्हाताऱ्या बायकांना चर्चला घेऊन गेली होती. गाडी आल्यापासून सगळ्या दरीतल्या म्हाताऱ्यांना तिची आठवण येऊ लागली होती. पण ती परतली ती गाडी गच्च भरून. खाली जलद चार्जरवर, सात क्रोनर भावाने, तिघींनी वर्गणी काढून. इंगवारला हे वेडेपण वाटलं.

रविवारी दुपारी त्याला सॉकेट मिळाला. प्लग घातला, हिरवा दिवा लागला, आणि सवयीने त्याच्या चेहऱ्यावर समाधान येऊ लागलं. पण अर्ध्या वाटेत थांबलं. त्याने बोटांवर मोजलं. सोमवारी सकाळी निघेपर्यंत सव्वीस-सत्तावीस टक्के होतील. उतार आहे हे धरूनही घरी पोचायला पंचेचाळीस हवेत. खाली चार्जरवर थांबावं लागणार, आणि सोमवारी परतणाऱ्यांची रांग गावाच्या वेशीपर्यंत असते हे कुत्र्यालाही ठाऊक होतं.

रात्रीच्या जेवणाला बोर्गहिल्डने विषय काढला. "सकाळी कसे जाणार आहात?"

"जाऊ की. होईल काहीतरी."

"होणार नाही. मी बघितलं तुझ्या पडद्यावर." वर्गात कॉपी पकडताना तिचा आवाज असाच व्हायचा, शांत आणि थोडा खिन्न. "माझी गाडी घेऊन जा. भरलेली आहे. थेट चर्चच्या दारात पोचशील. एवढंच कर, परत आणताना भरून आण. पेटीचा नियम."

ऊनीने काटा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. स्टाइनारने बटाट्याकडे पाहिलं.

आता खरं म्हणजे प्रश्नच नव्हता. पण इंगवारच्या डोक्यात गिरणी सुरू झाली होती. तिची गाडी नेली की आपली इथे राहणार. मग पुन्हा वर यायचं, तिची गाडी रिकामी होणार ती भरायची, तीही खाली जलद चार्जरवर, कारण वरच्या सॉकेटवर आता सगळ्यांचे डोळे… म्हणजे तीनेकशे क्रोनर. वर जाऊन येऊन एक आख्खा दिवस. आणि आपल्या गाडीला तोवर कोण लावणार? स्टाइनार? तो स्वतःच्या गाडीला लावील. उलट सकाळी सहाला निघालं, रांगेत पहिले लागलो, अर्धा तास भरलं, तर दीडशेत काम होतं. दीडशे वाचले.

"नको," तो म्हणाला. "तुला कशाला त्रास."

"मला त्रास नाही."

"नको, नको. आम्ही सहाला निघतो."

"तू नीघ," ऊनी म्हणाली. "बोर्गहिल्ड, मला नेशील तुझ्या गाडीतून? तूही चल. नात तुझीही आहे."

"जवळ चांगले कपडे आहेत थोडेसे," बोर्गहिल्ड म्हणाली आणि कॉफी आणायला उठली.

"ऊनी, आपण सहाला—"

"इंगवार, मला गरम गाडीतून जायचंय. चांदीची बटणं लावून. स्लीपिंग बॅगेत ती चुरगळतात."

सोमवारी इंगवार सहाला निघाला. निघण्यापूर्वी त्याने लाकडाची पेटी भरली. खाली गावात पोचला तेव्हा त्याच्यापुढे अकरा गाड्या होत्या. सगळ्यांच्या टपावर स्कीच्या पेट्या, सगळ्या बायकांच्या अंगावर पांघरुणं, सगळ्या पुरुषांच्या चेहऱ्यावर तोच एक हिशेब. सहाला निघून रांगेत पहिलं लागायची युक्ती बऱ्याच जणांना सुचली होती. नवव्या गाडीतला माणूस खाली उतरून म्हणाला, "थंडीने, ना?" इंगवारने मान हलवली.

आठ वाजता निळी छोटी गाडी रांगेच्या बाजूने निघून गेली. आत हीटर लावलेला असावा. दोघी बायका कोट काढून बसल्या होत्या. ऊनीने काचेतून हात हलवला. तिच्या छातीवरची चांदी चमकली आणि वळणाआड गेली.

इंगवारचा नंबर आला तेव्हा साडेनऊ झाले होते. अर्ध्या तासात भागेल असं त्याला वाटलं होतं. पण चार्जरवर गर्दी असली की सगळ्यांना सावकाश मिळते. आणि उशीर भरून काढायला जोरात जायचं तर वीज जास्त लागणार, म्हणून नाइलाजाने त्याने तिथे पंचेचाळीस युनिटं भरली. वाटेत तो इतक्या जोरात गेला की हीटर लावायची गरजच पडली नाही. रागाने अंग तापलेलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं तेव्हा लोक बाहेर येत होते. बारा वाजून गेले होते. सगळ्यांच्या मधोमध बोर्गहिल्ड होती, आणि तिच्या हातावर तो लांब पांढरा झगा, पायऱ्यांवरून खाली लोंबणारा. झग्याच्या वरच्या टोकाला नात झोपली होती.

"आली का स्वारी!" हालस्टेन हसला, नेहमीसारखा खोकत. "गाडी लई झकास आहे हो व्याही तुमची. आवाज म्हणून नाही. ना निघाल्याचा, ना पोचल्याचा."

सिल्ये बापाच्या गालाला गाल लावून म्हणाली, "केक आहे घरी. ये." रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी वीस मिनिटं थांबवलं पाद्रीबाईंना," ऊनीने कारमध्ये बसल्यावर सांगितलं. "मग तिथे दुसरं कुटुंबही होतं. बोर्गहिल्ड पुढे झाली. बाळ रडलं नाही. पाणी पडलं तेव्हा तिने बोर्गहिल्डचं बोट धरलं, असं." तिने आपलं बोट मुठीत धरून दाखवलं.

इंगवारचे हात स्टिअरिंगवर होते. त्याच हातांनी महिनाभर उशी धरायचा सराव केला होता.

मग, माणूस दुखऱ्या दातावर जीभ फिरवतो तशी, त्याची जीभ आकड्यांकडे वळली. "एम्ब्रिकचे सहाशे. चार्जरचे तीनशे पंधरा."

"बोर्गहिल्डची गाडी भरायला मी तिला दिले दोनशे चौऱ्याण्णव. पेटीचा नियम."

"बाराशे नऊ."

"आणि वर्षाचा तुझा फायदा?" ऊनीने विचारलं. "तेराशे दोन, ना?"

इंगवारने दचकून तिच्याकडे पाहिलं.

"मग उरले त्र्याण्णव," ती म्हणाली. "बघ, नुकसान नाहीच. तू अजून फायद्यातच आहेस."

गाडी सिल्येच्या घराशी येऊन उभी राहिली. हीटर चालू होता. आज कुणीही बंद केला नव्हता. इंगवार जागचा उठला नाही.

"एम्ब्रिकचे सहाशे," तो हळूच म्हणाला, "म्हणजे तसा तो घराच्या रस्त्याचा खर्च. तिघांत धरला, तर…"

ऊनीने दार उघडलं आणि उतरली.

पुढे तोही हिशेब झाला. बोर्गहिल्डने न विचारता दोनशे पाठवले, स्टाइनारने विचारून दोनशे पाठवले, आणि मे महिन्यात सॉकेटला वेगळा मीटर बसला, ज्याचा खर्च तिघांनी सारखा दिला. चर्चमधली ती वीस मिनिटं आणि बाळाची ती मूठ मात्र कुणालाच तिघांत वाटता आली नाही. ती पुरी रक्कम एकट्या इंगवारने भरली.